निकडीला चालणारा हात

पुण्यातल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंच आणि पास्टोरेट कमिट्यांचे सभासद यांस,

ख्रिस्तात सलाम.

मंडळीला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. छत्तीस वर्षं लिहीत आले ते ड्यूटी सोडतानाचे रिपोर्ट. कोणत्या खाटेवर कोण, कुणाला किती सलाईन गेलं, कोण रात्रभर कण्हत होतं, सकाळच्या सिस्टरने कुणावर नजर ठेवायची. त्यामुळे माझ्या लिहिण्यात अलंकार फारसे सापडायचे नाहीत. पण रिपोर्टची एक शिस्त असते. जे झालं ते लिहायचं आणि जे करायचं राहून गेलं तेही लिहायचं. हे पत्र राहून गेलेल्याचं आहे.

आमच्या मंडळीत वार्षिक सभेची नोटीस लागली आहे, म्हणून आत्ताच लिहिते. आमच्यापुरतंच असतं तर आमच्या पंचांना गाठून बोलले असते. पण चार नातेवाईक चार मंडळ्यांत आहेत, लग्नं-मयतं सगळीकडची करते, आणि मंडळीतल्या बायकांच्या जागेचं चित्र थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच दिसतं. तेव्हा पत्र सगळ्यांनाच.

एका रात्रीपासून सुरुवात करते.

१९८९ चा पावसाळा. मी प्रसूती विभागात रात्रपाळीला होते. शिरूरकडच्या गावातलं एक ख्रिस्ती जोडपं आलेलं. बाईला सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या. पहाटे अडीचच्या सुमाराला मूल झालं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी, आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. बाप पाळकांना आणायला धावला, पण पाऊस असा की रिक्षा मिळेना. पाळकांच्या घरी फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. आईने माझा हात धरला. म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आपल्यातल्या ना? मग तुम्हीच द्या बाप्तिस्मा. मला तिला तशी पाठवायची नाही."

ट्रॉलीवर स्टीलची वाटी होती. उकळून निववलेलं पाणी तिच्यात घेतलं, दोन बोटांनी त्या इवल्याशा कपाळावर तीनदा लावलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. हात थरथरत होते. इंजेक्शन देताना माझा हात कधी थरथरला नव्हता. मुलगी त्यानंतर चाळीस मिनिटं होती.

सकाळी पाळकसाहेब आले, भिजून चिंब झालेले. आता ते प्रभूत निजले आहेत. फार मायाळू माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन दोनच गोष्टी विचारल्या: पाणी होतं ना, आणि शब्द कोणते म्हणालात? मी सांगितले. ते म्हणाले, "मग झालं. हा पुरा बाप्तिस्मा आहे. मी पुन्हा देणार नाही, बाप्तिस्मा एकदाच असतो." रजिस्टरात त्यांनी नोंदही केली. पुढे कधीतरी ती माझ्या पाहण्यात आली. 'बाप्तिस्मा कोणी दिला' या रकान्यात वरपासून खालपर्यंत रेव्हरंड, रेव्हरंड, रेव्हरंड, आणि मध्येच एका ओळीत: 'निकडीचा. परिचारिकेच्या हस्ते.' नाव नाही.

नावाचं मला तेव्हा काही वाटलं नाही. वाटलं ते तीन महिन्यांनी. याच पाळकसाहेबांना मी विचारलं, रविवारच्या उपासनेत एखाद्या दिवशी शास्त्रपाठ मी वाचू का? ते घुटमळले. म्हणाले, "पंचांना विचारावं लागेल." पंचांचं उत्तर यायला पाच वर्षं लागली.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घेऊन फिरते आहे. निकडीला जो हात चालतो, तो रविवारी का चालत नाही?

आणि ही सवलत काही पुण्याच्या पाळकांनी माझ्यावर मेहरबानी म्हणून दिलेली नव्हती. निकड पडली तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, बाईसुद्धा, हे पश्चिमेकडच्या मंडळीने शेकडो वर्षं मानलेलं आहे. युरोपात सुइणींना ते शब्द मुद्दाम शिकवले जायचे. म्हणजे बाईच्या हातून देवाची कृपा पोचते की नाही, हा वाद केव्हाच मिटला आहे. पोचते. फक्त दुसरं कोणी हजर नसताना.

आता रविवार बघू या.

उपासना संपली की दानाच्या थैल्या व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत जातात. आत टेबलाभोवती चार-पाच पुरुष बसतात, नोटा सरळ करतात, नाण्यांच्या चळती लावतात, वहीत आकडा लिहितात. दार अर्धवट लोटलेलं. त्याच वेळी मागच्या हॉलमध्ये बायका चहा गाळत असतात. एकदा दोन पंच गावाला गेले होते, तेव्हा मला आत बोलावलं. नाणी मोजायला. नोटा नव्हे, नाणी. मी मोजली. पुढच्या रविवारी पंच परत आले आणि मी परत चहाकडे.

मी ज्या वॉर्डची इन-चार्ज होते तिथे मॉर्फिनचं कपाट होतं. कपाटात कपाट, दोन कुलपं, आणि किल्ली इन-चार्ज सिस्टरच्या अंगावर. एक अँप्यूल फुटली तरी तिचे तुकडे दाखवून दोन सह्या घ्याव्या लागत. ती किल्ली युनिफॉर्मला सेफ्टी पिन लावून मी अकरा वर्षं वागवली, हिशेबात एकदाही घोळ झाला नाही. सरकारला माझा भरवसा होता. मंडळीच्या कपाटाची किल्ली मात्र अजून एकाही बाईच्या हातात मी पाहिलेली नाही. बरं, त्या कपाटात असतं काय? पावतीपुस्तकं, जुन्या पासबुकांचा गठ्ठा आणि नाताळच्या लायटिंगच्या माळा.

चहावरून आठवलं. याच पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांसकट कितीतरी प्रतिष्ठितांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचं बालंट आलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. एका कपाची केवढी किंमत! आमच्या बायकांचा चहा पिऊन तुम्ही दर महिन्याला ठराव पास करता, आणि कुणाला कशाचीच झळ लागत नाही.

असो. तुम्ही म्हणाल, आता तसं राहिलेलं नाही. खरं आहे. शास्त्रपाठ बायका वाचतात. कमिटीत महिला प्रतिनिधी असतात. त्यांना सभेत बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो, जेवणाचं कसं करायचं. आणि वर्षातून एकदा महिला रविवार असतो. त्या दिवशी एकसारख्या रंगाच्या साड्या नेसून आम्ही सगळी उपासना चालवतो, आमच्यातली एक उपदेश करते, आणि विषय हमखास नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्‌गुणी स्त्री, नाहीतर मार्था आणि मरीया. गेल्या वर्षी ज्या बाईंनी उपदेश केला त्या कॉलेजात शिकवत. दोनशे पोरांसमोर बोलायची सवय. त्यांच्यासाठी माइक पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्याच्या खाली, जमिनीवर मांडला होता. पुलपिटाला तीनच पायऱ्या आहेत, लाकडी, मधली थोडी कुरकुरते. ती कुरकुर मला चांगली माहीत आहे, कारण दर शनिवारी त्या पायऱ्या पुसायला जाणाऱ्यांत मी असते. बाईंना विचारलं, वर का नाही गेलात? म्हणाल्या, "कुणी जा म्हणालं नाही."

'जाऊ नका' असंही कुणी म्हटलं नव्हतं. आमचं सगळं दुखणं या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

माझी आजेसासू बायबलबाई होती. तरुण पिढीला हा शब्द ठाऊक नसेल. मिशनच्या काळात गावोगाव हिंडून बायकांना शास्त्र सांगणारी, अक्षर शिकवणारी पगारी बाई. पगार म्हणजे नावाला. पारनेर-शिरूरच्या पट्ट्यात गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत ती पायी जायची, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात शुभवर्तमान, पाटी आणि भाकरी. तिने सांगितलेलं ऐकून घरंच्या घरं प्रभूकडे आली. वर्ष-दीड वर्ष ती त्यांना शिकवायची. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार तोंडपाठ करून घ्यायची. मग एके दिवशी पाद्रीसाहेब बैलगाडीतून यायचे आणि एका सकाळीत सगळ्यांना बाप्तिस्मा देऊन जायचे. रजिस्टरात साहेबांचं नाव. आजेसासू सांगायची आणि हसायची: "नांगरणी माझी, पेरणी माझी, खळ्यावर साहेब." तिच्या बोलण्यात कडवटपणा नसायचा, हे मुद्दाम सांगते. कडवटपणा माझा आहे.

आणि पंडिता रमाबाई. दरवर्षी आपण त्यांच्यावर भाषणं करतो, सहलीला केडगावला जातो, मुक्ती मिशनमध्ये फोटो काढतो. त्यांची एक गोष्ट मात्र भाषणात सहसा येत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या ज्या सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या त्याच संघाच्या सिस्टर आपल्या पंचहौदलाही काम करत होत्या. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना, १८८५ च्या सुमाराला, रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं असा विचार निघाला. लगेच हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांची हरकत आली: पुरुषांना शिकवलं तर मायदेशी गेल्यावर हिचं वजन राहायचं नाही. यावर रमाबाईंनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांची हरकत नव्हती, नवऱ्याचीही नव्हती. आता तुम्हा इंग्रजांची आहे, याचं मला फार नवल वाटतं. भर सभेत पुराण सांगणारी, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई ती. शास्त्र्याच्या घरात जे चाललं, ते बिशपांना चाललं नाही.

मग दुष्काळ आला. रमाबाई बैलगाड्या आणि आगगाड्या करून अनाथ मुली-विधवा गोळा करत हिंडल्या, केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेकडो जणींना पोसलं आणि शिकवलं. १९०५ च्या जागृतीत तिथे प्रार्थना कोण चालवत होतं? बायका. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणलं, का तर खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावं म्हणून. आणि छापखान्यात त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्या मुलींनी. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, १९२४ मध्ये ते बायबल छापून पुरं झालं. मंडळीने या बाईला कोणती दीक्षा दिली? डीकनची, म्हणजे पाळकाच्या खालच्या पदाची? पाळकाची? काहीच नाही. सगळा निकडीचा कारभार.

तीच तऱ्हा लक्ष्मीबाई टिळकांची. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांशिवाय आपली उपासना होत नाही. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं ख्रिस्तायन हे काव्य अर्धवट राहिलं आणि ते १९१९ मध्ये गेले. पुरं कुणी केलं? जिला लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकावं लागलं, त्या बाईने. तोही हात निकडीलाच चालला.

आणि आता ज्याने मला हे पत्र लिहायला बसवलं ते. २०२५ च्या ऑक्टोबरात कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुल्लाली यांचं नाव जाहीर झालं. ज्या चर्चच्या बिशपांना रमाबाईंनी पोरांना शिकवलेलं चाललं नाही, त्याच चर्चच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीत एकशे चाळीस वर्षांनी बाई बसली. आणि बाई मूळची कोण? नर्स! कॅन्सरच्या पेशंटांची शुश्रूषा केलेली, पुढे इंग्लंडची मुख्य नर्सिंग अधिकारी झालेली. मी ती बातमी मोबाइलवर तीनदा वाचली आणि घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. मिस्टर आतून म्हणाले, "मॅच सुरू आहे का?"

आपल्याकडे तर इतकी वाट बघायचीही गरज नाही. १९७० मध्ये नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन आपली उत्तर भारतीय मंडळी झाली. तिच्यात बायकांना पाळकपदाची दीक्षा घेता येते. दक्षिणेत ई. पुष्पा ललिता २०१३ मध्ये नंद्यालच्या बिशप झाल्या. मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, तर बायका पहिल्यापासून अधिकारी आहेत. १९३४ मध्ये त्यांची जगाची जनरल बाई होती. बिबवेवाडीच्या सेमिनरीत मुली पुरुषांच्या बरोबरीने ग्रीक-हिब्रूच्या परीक्षा देतात. कॅथलिक भगिनींची गोष्ट वेगळी. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं त्यांना रीतसर खुली केली, पण पुरोहितपदाचं दार बंद आहे असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्येच लेखी सांगितलेलं आहे. पटो न पटो, आपलं दार बंद आहे हे त्यांना माहीत तरी आहे. आपलं दार सताड उघडं आहे, आणि दारातल्या माणसांच्या गर्दीतून वाट मिळत नाही.

मग बायबलातला प्रेषित पौल निघतोच. कमिटीत हा विषय आला की कुणीतरी बायबल उघडतं, पहिलं करिंथ, चौदावा अध्याय, चौतिसावं वचन: स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. पौलाला मी घाबरत नाही. पौल माझा लाडका आहे. पण भावांनो, वचन वाचायचं तर अध्याय वाचा. याच चौदाव्या अध्यायात पौल तिघांना गप्प बसवतो. अन्य भाषेत बोलणाऱ्याला: अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहा. संदेश देणाऱ्याला: बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं तर तू गप्प राहा. आणि तिसऱ्या बायका. पहिल्या दोघांचं गप्प राहणं त्या वेळेपुरतं, घोळ होऊ नये म्हणून, आणि आमचं जन्मभराचं? तीन अध्याय मागे जा. अकराव्यात तोच पौल सांगतो की प्रार्थना करणाऱ्या किंवा संदेश देणाऱ्या बाईने डोक्यावर पदर घ्यावा. गप्पच बसायचं असतं तर पदर कशासाठी?

दुसरं वचन तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं: बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. त्याच्या तीनच वचनं आधी काय आहे? केस गुंफणं, सोनं, मोती, उंची वस्त्रं यांनी बायकांनी नटू नये. ते वचन कुठल्या पंचाने ईस्टरच्या दिवशी दारात उभं राहून लागू केलं? आमचे गजरे, पैठण्या, सोन्याच्या क्रॉसचं मंगळसूत्र, सगळं आत सोडलं जातं. वरच्या वचनाला इफिसची त्या काळची परिस्थिती, आणि खालच्याला मात्र सर्व काळ, सर्व ठिकाण!

आणि रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. नावांची यादी म्हणून आपण तो भरभर वाचतो. त्याच्या पहिल्याच ओळीत पौल किंख्रियाच्या फीबीची शिफारस करतो. मराठीत तिला 'सेविका' म्हटलं आहे. आपल्या कानाला सेविका म्हटलं की अंगणवाडी आठवते. मूळचा शब्द आहे डायकोनोस, ज्यावरून आपला डीकन आला, आणि पौल स्वतःलाही तोच शब्द लावतो. त्याच अध्यायात युनिया येते, जिचं नाव प्रेषितांच्या बरोबरीने घेतलं आहे. चौथ्या शतकातला ख्रिसोस्तोम बाई म्हणूनच तिची थोरवी गातो. पुढे कितीतरी भाषांतरकारांनी तिला चक्क पुरुष करून टाकलं. बाई प्रेषित असूच शकत नाही ना, मग बाईच नको. हे वाचलं तेव्हा मला त्या रजिस्टरातला रकाना आठवला. आम्हाला निदान पुरुष तरी केलं नाही, नुसतं परिचारिका ठेवलं.

आता न बोलल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल. एका कमिटी सभेनंतर एक वडीलधारे भाऊ माझ्या मिस्टरांना हळूच म्हणाले, "सगळं ठीक आहे हो, पण त्या दिवसांत बाई वेदीजवळ कशी जाणार?" माझ्या तोंडावर म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून मिस्टरांकडे निरोप. उत्तर इथे देते. वेदीची चादर, प्रभुभोजनाच्या पेल्यावरचे रुमाल, हे दर आठवड्याला कोण धुतं आणि इस्त्री करतं? त्या दिवसांत धुणं थांबतं का? आणि बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीतून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवली, तेव्हा तो मागे सरकला का? त्याने तिला पुढे बोलावलं, सगळ्यांसमोर बोलतं केलं आणि 'मुली' म्हणाला. हा विटाळ आपण शुभवर्तमानातून घेतलेला नाही, शेजारून उसना आणला आहे. उसनं परत करून टाकू या.

बाकीच्या हरकती किरकोळ. रात्री-अपरात्री घरभेटी, दवाखाने बाईला कसे जमणार? छत्तीस वर्षं नाईट ड्यूटी केलेल्या बाईला हे विचारू नये. पाळकांच्या घरची मंडळी काम करतातच की! हो, करतात. पाटलाची पाटलीण तशी पाळकांची पाळकीण. आजाऱ्याला पेज नेऊन देण्यापासून भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं करते, आणि साहेबांची बदली झाली की तिचीही होते. तिला कधी कुणी विचारलं, तुम्हाला स्वतःला बोलावणं आहे का?

आणि एक हरकत खरी आहे: बायकाच बायकांना मत देत नाहीत. नाही देत. मीसुद्धा दिलं नाही. एका निवडणुकीत आमच्यातली एक उभी होती, बँकेत काम करणारी, हिशेबाला पक्की. मी चिठ्ठीवर तिच्यासमोरच्या भाऊंचं नाव लिहिलं. का, तर ते आधीपासून आहेत, त्यांना माहिती आहे. ती सहा मतांनी पडली. तिने मला कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आज इथे सांगते.

तर आता कामाचं. आमच्या मंडळीत एक मुलगी आहे. नाव लिहीत नाही, पंचांना ठाऊक आहे. तिचं दृढीकरण मी पाहिलं आहे, शब्बाथ शाळेत ती माझ्या वर्गात होती. 'मोशे पाण्यातून वाचला, पण त्याच्या बहिणीला कोणी शाबासकी दिली का?' असं तिने सातव्या वर्षी विचारलं होतं. बी. डी. ही धर्मशास्त्राची पदवी घेऊन ती तीन वर्षांपूर्वी परत आली. तिच्याबरोबरच्या मुलांना दीक्षा मिळाली. त्यातला एक आमच्याकडे पाहुणा म्हणून उपदेश करून गेला, आणि तिच्याच नोट्स वाचून पास झालो म्हणून पुलपिटावरून हसत सांगून गेला. ती खाली तिसऱ्या बाकावर मुलांना घेऊन बसली होती. तिला मंडळीने काय दिलं? शब्बाथ शाळा आणि दर रविवारचं पत्रक टाईप करायचं काम. कोविडच्या टाळेबंदीत, सेमिनरीतून घरी आलेली असताना, सगळ्यांना झूम लावून देणारी, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना रोज फोनवर स्तोत्र वाचून दाखवणारी तीच होती. माझ्या नणंदेच्या मयताला आठ माणसं होती आणि पाळकसाहेब स्वतः दवाखान्यात. खड्ड्याशी उभं राहून 'मातीस माती' कोण म्हणालं? तेव्हाही कुणी पंचांना विचारलं नाही. निकड होती.

दीक्षेसाठी पुढे जायला तिला मंडळीची शिफारस हवी आहे. फीबीला मिळाली होती तशी, एका कागदाची. तीन वर्षं तो विषय 'पुढील सभेत' आहे.

वार्षिक सभेसाठी मी ठराव लिहिला आहे. दोन कलमं. पहिलं, या मुलीच्या दीक्षेसाठी मंडळीने शिफारस करावी. दुसरं, दानमोजणीला दर रविवारी निदान दोन बायका असाव्यात आणि कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडे राहावी. सूचक म्हणून माझी सही आहे, या वेळी नावासकट. अनुमोदकाची ओळ मुद्दाम कोरी ठेवली आहे. महिला मंडळातल्या चौघी सही करायला तयार होत्या, मी थांबवलं. तिथे पंचांपैकी कुणाची तरी सही हवी. कागद येत्या रविवारी माझ्या गीतपुस्तकात घडी करून असेल. उपासनेनंतर मी चहाकडे जाणार नाही, व्हेस्ट्रीच्या दाराशी थांबेन. पेन माझ्याकडे आहे.

आपली,
मंडळीतली एक सिस्टर,
पुणे